कंठातील आरसा

कंठविकारशास्त्राला दृष्टी दिली ती एका गायनगुरूने, वैद्याने नव्हे. स्पेनमध्ये १८०५ साली जन्मलेल्या मानुएल गार्सिया यांना ऐन तारुण्यात गळ्याने दगा दिला; रंगभूमी सोडून ते इतरांचे गळे घडवू लागले. परंतु जिवंत कंठात स्वर उमटतो कसा, हे पाहावे कसे? १८५४ साली पॅरिसमध्ये त्यांनी दंतवैद्याचा चिमुकला आरसा घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःच्याच स्वरतंतूंची उघडझाप पाहिली. पुढल्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. व्हिएन्नाच्या ट्युर्क यांनी तो आरसा रुग्णांसाठी वापरला. हिवाळ्यात ऊन आटले, तेव्हा चेर्माक यांनी दिव्याच्या उजेडावर काम निभावले. गार्सिया १९०६ साली, १०१ वर्षांचे होऊन वारले. त्यांचा स्वतःचा गळा मात्र त्यांना पुन्हा लाभला नाही.