नाममुद्रा आणि प्रताधिकार

नाममुद्रा आणि प्रताधिकार : पद्याच्या अखेरच्या चरणांत कवीने गुंफलेल्या स्वतःच्या नावास नाममुद्रा म्हणतात, तर साहित्य, संगीत इ. कृतींच्या प्रती काढण्याचा, त्या सादर वा प्रसारित करण्याचा जो अनन्य अधिकार कायद्याने दिला जातो, त्यास प्रताधिकार (कॉपीराइट) ही संज्ञा आहे. नाममुद्रा रचना कोणाची हे सांगते. प्रताधिकार तिच्यावर सत्ता कोणाची हे ठरवितो. या दोहोंतील अंतर परभणी जिल्ह्यातील गीतपरंपरेत विशेष स्पष्टपणे दिसून येते.

गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे (मृ. सु. १३५०) जन्मस्थान मानले जाते. नामदेवांच्या (१२७०–१३५०) घरी दासी म्हणून राहिलेल्या या कवयित्रीच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आढळतात. ‘जनी’, ‘नामयाची दासी’ या त्यांतील मुद्रा होत. कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले, याची नोंद त्यांच्याच नावे असलेल्या एका अभंगात येते. ज्ञानेश्वरांचा लेखक चिदानंदबाबा, चोखामेळ्याचा अनंतभट्ट आणि जनीचा लेखक प्रत्यक्ष पांडुरंग, असे त्यात म्हटले आहे. यातील श्रद्धेचा भाग वगळला, तरी रचणारा व लिहिणारा हे भिन्न असल्याची जाणीव त्या परंपरेस होती, हे उघड आहे.

तथापि नाममुद्रा हा कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या व त्याच्यासारख्या इतर ‘नामा’ कवींच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्याचे अभ्यासक मानतात. कीर्तनकारांच्या मुखी पाठभेद झाले आणि नव्या रचनाही जुन्या नावाने रूढ झाल्या. वाङ्मयचौर्यात दुसऱ्याची कृती स्वतःच्या नावे दाखविली जाते. येथे स्वतःची कृती पूज्य व्यक्तीच्या चरणी वाहिली गेली. अभंग गाण्यास कोणाची अनुमती लागत नसे. मात्र त्यातील नाव गाळणे अनुचित समजले जाई.

जात्यावरच्या ओवीस बहुधा अशी मुद्राही नसते. दळणाऱ्या बाईने आईकडून वा सासूकडून ऐकलेल्या ओवीत आपले गाव, भाऊ, लेक यांची नावे घालावीत आणि तीच ओवी पुढे दुसरीने बदलून गावी, अशी तिची रीत होती. पिठाच्या गिरण्या आल्यावर हा प्रसंगच नाहीसा होऊ लागला. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात सु. एक लाख ओव्यांचा संग्रह झाला. त्यात परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील ओव्याही आहेत. प्रत्येक ओवीपुढे गायिकेचे नाव व गाव नोंदविण्याच्या पद्धतीमुळे निनावी समजल्या गेलेल्या गीतास प्रथमच नाव मिळाले.

कायद्याने मात्र या मौखिक संगीताची दखल उशिरा घेतली. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ यातील मूळ व्याख्येनुसार लिखित, मुद्रित वा अन्य प्रकारे आलेखित केलेली स्वररचना हीच ‘संगीतकृती’ होती. स्वरलेखन न करता मुखपरंपरेने शिकविणाऱ्या भारतीय रचनाकाराची चाल त्यामुळे या व्याख्येबाहेर राहत असे. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली आणि गायक-वादकांस प्रयोगकर्त्याचे हक्क दिले. कर्त्याचा नामनिर्देशाचा हक्क कलम ५७ मध्ये आहे. प्रयोगकर्त्यास तसाच हक्क २०१२ च्या दुरुस्तीने मिळाला. नाममुद्रेशी खरे साम्य आहे ते या हक्कांचे.

विद्यार्थ्यांच्या ध्वनिमुद्रित व संगणकीय निर्मितीस हेच नियम लागू पडतात. प्रताधिकार सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे जनाबाईंचे शब्द सर्वांस मोकळे आहेत. परंतु त्यांस अलीकडील संगीतकाराने दिलेली चाल ही वेगळी कृती असून तिचे ध्वनिमुद्रण ही तिसरी कृती होय. राग वा ताल कोणाच्याही मालकीचा नसतो. एखाद्या विद्यार्थिनीने जनाबाईंच्या अभंगास स्वतः चाल लावल्यास त्या चालीवर तिचा हक्क निर्माण होतो. मौलिकता म्हणजे अपूर्वता नव्हे. कृती कर्त्याची स्वतःची असावी व तीत किमान सर्जनशीलता असावी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी खटल्यात घेतली. विद्यालयात केवळ शिक्षक, विद्यार्थी, पालक व संस्थेशी निगडित व्यक्तींपुढे होणाऱ्या सादरीकरणास कलम ५२ ची सवलत आहे. तेच चित्रमुद्रण सर्वांसाठी प्रसृत केल्यास ती सवलत पुरत नाही. संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती, असेही १९९४ मध्ये ठरले. मात्र चाल यंत्रानेच रचल्यास त्या व्यक्तीचे कर्तृत्व किती, हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे बिकट झाला आहे.

प्रताधिकाराची मुदत संपली, तरी कर्तृत्व संपत नाही. जनाबाईंचा अभंग वा ताडकळसची ओवी घेऊन नवी निर्मिती करणाऱ्यास काही प्रसंगी कोणाचीही अनुज्ञा लागणार नाही; परंतु शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि गळा कोणाचा हे तीत नोंदविले गेले नाही, तर एकदा मिळालेले नाव पुन्हा हरवेल.