अहेरी विधानसभा मतदारसंघ

अहेरी हा महाराष्ट्र विधानसभेचा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. निवडणूक आयोगाच्या यादीत त्याचा क्रमांक ६९ आहे. अहेरी, मुलचेरा, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा हे पाच तालुके त्यात येतात. लोकसभेसाठी तो गडचिरोली-चिमूर मतदारसंघाला जोडलेला असून त्या मतदारसंघात आमगाव, आरमोरी, गडचिरोली, ब्रह्मपुरी आणि चिमूर हे इतर पाच विधानसभा मतदारसंघ मोडतात. सध्याचे नाव आणि सीमा २००८ च्या पुनर्रचनेतून आल्या. त्याआधी हा भाग सिरोंचा मतदारसंघ म्हणून ओळखला जाई आणि लोकसभेसाठी चंद्रपूर मतदारसंघात मतदान करी.

पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी आणि आग्नेयेला इंद्रावती या नद्यांनी मतदारसंघाची हद्द आखली आहे. प्राणहितेपलीकडे तेलंगण, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडचा बस्तर. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते, तर भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की भामरागड तालुक्याचा इतर जगाशी संबंध तुटतो. गडचिरोली हे जिल्ह्याचे ठाणे उत्तरेला आहे; सिरोंच्याहून तिथे जायला दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. स्वतंत्र अहेरी जिल्ह्याची मागणी या अंतरातूनच निघाली आणि अनेक निवडणुकांत ती पुन्हा पुन्हा पुढे आली. अहेरीला अपर जिल्हाधिकारी कार्यालय झाले, जिल्हा मात्र झालेला नाही.

मतदार सुमारे अडीच लाख. एटापल्ली आणि भामरागडमध्ये माडिया गोंडांची वस्ती दाट आहे. केंद्र सरकारने माडियांची नोंद विशेष असुरक्षित आदिम जमातींत केली आहे. सिरोंचात घरोघरी तेलुगू बोलली जाते आणि नातीगोती नदीपलीकडे जुळतात. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना दंडकारण्य प्रकल्पाखाली या जिल्ह्यात वसवले गेले, त्यामुळे मुलचेरा तालुक्यात बंगाली गावेच्या गावे आहेत. जमिनीचे मालकी हक्क, जातीचे दाखले आणि बंगाली माध्यमाच्या शाळा हे त्या गावांचे प्रश्न. अहेरी आणि आलापल्लीच्या बाजारपेठांत इतर मागासवर्गीय आणि व्यापारी समाज मोठ्या संख्येने आहे. जागा आदिवासींसाठी राखीव असली, तरी अटीतटीच्या लढतीत बिगर-आदिवासी मते कुठे वळतात यावर निकाल फिरू शकतो. जिल्ह्यात इतर मागासवर्गीयांचे आरक्षण ६ टक्क्यांवर आल्यापासून, आणि अनुसूचित क्षेत्रातील पदांबाबत राज्यपालांनी २०१४ मध्ये अधिसूचना काढल्यापासून या समाजाची नाराजी प्रत्येक पक्षाला हिशेबात धरावी लागली. प्रचाराचे भाषण एकाच दिवशी माडिया, तेलुगू, मराठी आणि बंगालीत करावे लागते असे मतदारसंघ राज्यात फार नाहीत.

या भागाचे राजकारण समजून घेताना अहेरीच्या जमीनदारीपासून सुरुवात करावी लागते. चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्ह्यातल्या जमीनदाऱ्यांत ती सर्वांत मोठी होती. अडीच हजार चौरस मैलांहून अधिक मुलूख तिच्याकडे होता आणि त्यातले सागवान दूरवर नावाजलेले होते. सिरोंचा भाग १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला. काही वर्षे सिरोंचा हे अपर गोदावरी या वेगळ्या जिल्ह्याचे ठाणे होते आणि १८७४ मध्ये हा भाग चांद्याला जोडला गेला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने इंग्रजांनी बाबूरावांना पकडले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फाशी दिली. आज शेडमाके आदिवासी अस्मितेचे पहिले नाव आहेत. त्यांना अभिवादन केल्याशिवाय इथली कोणतीही सभा सुरू होत नाही, अहेरीच्या आत्राम राजघराण्याची सभाही त्याला अपवाद नाही.

जमीनदारी १९५१ मध्ये मध्य प्रदेशच्या कायद्याने संपली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता; १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. जमीन गेली, पण मान टिकला. आत्राम घराण्याच्या अहेरीतील दसऱ्याला राजे पालखीत बसतात. एटापल्ली-भामरागडच्या जंगलातून, तेलंगणातून आणि छत्तीसगडमधून लोक दर्शनाला येतात आणि त्यांतले कित्येक आदल्या दिवसापासून चालत निघालेले असतात. २००४ ते २०१९ या काळात विधानसभेचे मतदान ऑक्टोबरमध्ये, दसरा-दिवाळीच्या आसपास आले. पालखीभोवतीची गर्दी आणि मतपेटीतली मते यांचा मेळ नेहमी बसत नाही. घराण्यातलेच उमेदवार अनेकदा पडले आहेत.

राजे विश्वेश्वरराव आत्राम हे या घराण्याचे स्वातंत्र्योत्तर काळातले सर्वांत वजनदार नेते. १९७७ मध्ये ते चंद्रपूरमधून लोकसभेवर गेले. वेगळ्या विदर्भाच्या मागणीसाठी त्यांनी नाग विदर्भ आंदोलन समिती स्थापन केली. लोक तिला ‘नाविस’ म्हणतात. तिचा जाहीरनामा विदर्भाचा असला, तरी तिची ताकद अहेरी परिसरातच राहिली. चांद्याच्या लोकसभा जागेवर संस्थानिक-जमीनदार परंपरेतला नेता निवडून येण्याचा प्रकार त्याआधीही घडला होता. १९६२ मध्ये पानाबारसचे लाल श्यामशाह अपक्ष म्हणून जिंकले आणि आदिवासी मुलखात निर्वासित वसवण्याच्या धोरणाचा निषेध म्हणून त्यांनी खासदारकी सोडली. काँग्रेसची लाट राज्यभर असतानाही या जंगलपट्ट्याने पक्षापेक्षा माणूस पाहून मत दिल्याची ही जुनी खूण आहे.

१९९० पासून पुढची कथा मुख्यतः एकाच घराच्या दोन शाखांमधल्या चढाओढीची आहे. एका बाजूला विश्वेश्वररावांचे पुत्र सत्यवानराव आणि त्यांच्यानंतर नातू अम्ब्रीशराव. दुसऱ्या बाजूला घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील भगवंतरावांचे पुत्र धर्मरावबाबा. १९९० मध्ये धर्मरावबाबा काँग्रेसचे आमदार झाले. पुढच्याच वर्षी पीपल्स वॉर गटाच्या नक्षलवाद्यांनी त्यांचे अपहरण केले आणि तुरुंगातील शिवन्ना या नेत्याच्या सुटकेच्या बदल्यात त्यांना सोडले. आमदाराच्या बदल्यात कैदी सोडावा लागल्याने नक्षल चळवळीची इथली पकड मुंबईपर्यंत कळली. १९९५ मध्ये सत्यवानराव नाविसच्या वतीने जिंकले. नंतर धर्मरावबाबा परत आले आणि राज्यमंत्रीही झाले. पुढे त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये बस्तान बसवले.

अहेरी नावाने पहिली निवडणूक १३ ऑक्टोबर २००९ रोजी झाली आणि ती दोन्ही शाखांच्या हातून निसटली. आदिवासी विद्यार्थी संघाच्या, म्हणजे ‘आविसं’च्या, बळावर उभे राहिलेले अपक्ष दीपक आत्राम निवडून आले. गावोगावच्या तरुण आदिवासी कार्यकर्त्यांची ही संघटना पुढेही जिल्हा परिषदेच्या राजकारणात प्रभावी राहिली. २०१४ मध्ये अम्ब्रीशराव भाजपच्या चिन्हावर धर्मरावबाबांना सुमारे २० हजार मतांनी हरवून आमदार झाले आणि आदिवासी विकास राज्यमंत्रिपद व गडचिरोलीचे पालकमंत्रिपद त्यांना मिळाले. २०१९ मध्ये काकांनी पुतण्याला सुमारे १५ हजारांनी हरवले आणि काँग्रेसकडून लढलेले दीपक आत्राम तिसरे आले.

राष्ट्रवादी काँग्रेस फुटली तेव्हा धर्मरावबाबा अजित पवारांसोबत गेले आणि २ जुलै २०२३ रोजी मंत्री झाले. अन्न व औषध प्रशासन खाते त्यांच्याकडे आले. फूट घरापर्यंत पोचली. त्यांची कन्या आणि जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्षा भाग्यश्री आत्राम-हलगेकर सप्टेंबर २०२४ मध्ये शरद पवारांच्या पक्षात गेल्या आणि वडिलांविरुद्ध उभ्या राहिल्या. भाजपचे अम्ब्रीशराव महायुतीची उमेदवारी नसल्याने अपक्ष लढले. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात धर्मरावबाबा सुमारे ५४ हजार मते घेऊन सुमारे १७ हजारांनी निवडून आले. अम्ब्रीशराव दुसरे, भाग्यश्री तिसऱ्या. पुतण्या आणि कन्या यांची मते मिळून विजेत्याच्या मतांपेक्षा जास्त होती. विरोध मोठा होता, पण तो घरातच विभागला गेला. नव्या मंत्रिमंडळात धर्मरावबाबांना जागा मिळाली नाही आणि जिल्ह्याचे पालकमंत्रिपद मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्वतःकडे ठेवले.

लोकसभेचे गणित वेगळे चालते. गडचिरोली-चिमूरमधून २००९ मध्ये काँग्रेसचे मारोतराव कोवासे, २०१४ आणि २०१९ मध्ये भाजपचे अशोक नेते आणि २०२४ मध्ये काँग्रेसचे नामदेव किरसान निवडून आले. किरसान यांचे मताधिक्य १ लाख ४१ हजारांवर होते. तिथे पक्ष पाहून मतदान होते. म्हणून एकाच वर्षात लोकसभेला काँग्रेस आणि विधानसभेला महायुती असे कौल आले.

नक्षलवादी चळवळीने इथल्या मतदानाला चार दशके आपला आकार दिला. १९८० मध्ये प्राणहिता ओलांडून पीपल्स वॉरचे पहिले दलम, म्हणजे सशस्त्र पथक, सिरोंचा भागात आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यातला पेद्दी शंकर मोयाबिनपेठ्यात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. नंतर जवळजवळ प्रत्येक निवडणुकीआधी बहिष्काराची पत्रके झाडांवर चिकटू लागली. २००९ च्या मतदानाला पाच दिवस उरले असताना लाहेरीत १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूरजवळच्या चकमकीत ४० नक्षलवादी ठार झाले. या परिस्थितीमुळे मतदानाची वेळ सकाळी ७ ते दुपारी ३ अशी ठेवली जाते. मतदानाच्या आधीच पथके हेलिकॉप्टरने पोलीस ठाण्याच्या तळावर उतरवली जातात. तिथून शिक्षक आणि तलाठी यंत्राची पेटी घेऊन जवानांच्या रांगेत, पायवाटेने केंद्रावर पोचतात. रस्त्यात पूल असला तरी सुरुंगाच्या धोक्यामुळे नाल्यातून उतरावे लागते. असुरक्षित गावांचे केंद्र दुसरीकडे हलवले की मतदाराला कित्येक किलोमीटर चालावे लागते, आणि तरीही २०२४ च्या लोकसभेत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात जवळजवळ ७२ टक्के मतदान झाले. बहिष्काराच्या आवाहनाला लोकांनी दिलेले हे सर्वांत ठोस उत्तर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला.

बंदुकीचा आवाज मंदावत असताना जमिनीचे प्रश्न पुढे आले. एटापल्लीतील सुरजागडचा लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये लॉयड्स मेटल्सला देण्यात आला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथली सत्तरहून अधिक वाहने जाळली. २०२१ पासून खाण जोरात सुरू झाली आणि आलापल्ली-अहेरीचे रस्ते खनिजाच्या ट्रकांनी भरले. एका बाजूला रोजगार आणि कोनसरीचा कारखाना. दुसऱ्या बाजूला ठाकूरदेवाचा डोंगर, मोहफुलाचे जंगल, उखडलेले रस्ते आणि अपघातांत गेलेले जीव. २०२३ मध्ये तोडगट्ट्याला ग्रामसभांनी खाणींविरोधात महिनोन्‌महिने धरणे धरले. सिरोंच्यात मेडीगड्डा धरणाचा प्रश्न तितकाच तीव्र आहे. गोदावरीवरील या तेलंगणच्या प्रकल्पाचे २१ जून २०१९ रोजी उद्‌घाटन झाले. पाणी फुगून सिरोंचाकाठची शेती बुडू लागली, आणि भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी वारंवार उपोषणे केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये धरणाचे खांब खचले तरी काठावरच्या मागण्या कायम आहेत.

खाणविरोधी आंदोलनाचा आधार पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा) आणि वनहक्क कायद्याने बळकट झालेली ग्रामसभा आहे. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत भामरागडमध्ये ग्रामसभांनी स्वतःचे उमेदवार दिले आणि ॲड. लालसू नोगोटी व सैनू गोटा यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून ग्रामसभेची राजकीय ताकद पहिल्यांदा मतपेटीत दिसली. नोगोटी स्वतः निवडून आले. विधानसभेच्या पातळीवर मात्र ही ताकद अजून निर्णायक ठरलेली नाही. पाच तालुक्यांत पोचायला लागणारा पैसा, वाहने आणि कार्यकर्त्यांचे जाळे आजही मुख्यतः आत्राम घराण्याच्या दोन शाखा आणि मोठ्या पक्षांकडेच आहे.