कोलोनच्या रेशीमवाल्या



पूर्वी घरात कुणाला ताप चढला की कपाळावर कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवायचे. आपल्यापैकी पुष्कळ जणींना तो लिंबा-संत्र्यासारखा वास अजून आठवत असेल. पण हे ‘कोलन’ काय आहे, हे कुणी विचारलं नाही. ते एका शहराचं नाव आहे. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी कोलोन शहर आहे. १७०९ साली फारिना नावाच्या इटालियन घराण्याने तिथे सुगंधी पाण्याचं दुकान काढलं. पाणी इतकं खपलं की दुसऱ्यांनीही फारिना हेच नाव लावून विकायला सुरुवात केली, आणि नावावरून कोर्टकज्जे झाले. म्हणजे ती बाटलीसुद्धा चढाओढीतूनच आपल्या घरात आली.

आज मात्र आपण त्याच शहराची आणखी जुनी गोष्ट ऐकणार आहोत. सहाशे वर्षांपूर्वीची. ती बायकांच्या धंद्याची आहे, म्हणून सांगायची.

कोलोन फार जुनं. रोमन लोकांनी वसवलेलं. तिथे जन्मलेल्या अग्रिपीना नावाच्या राणीच्या शब्दावरून त्याला इसवी सन ५० मध्ये मोठ्या शहराचा मान मिळाला. पंधराव्या शतकात तिथे साधारण चाळीस हजार लोक राहत होते. आज हा आकडा तालुक्याच्या गावाचा वाटेल, पण त्या काळी जर्मन मुलखात एवढं मोठं शहर दुसरं नव्हतं. गावात एक प्रचंड चर्च बांधायला घेतलं होतं. काम सुरू झालं १२४८ साली आणि पुरं झालं १८८० साली! मधली कितीतरी वर्षं अर्धवट मनोऱ्यावर लाकडी यारी तशीच उभी होती. आपण ज्या बायकांबद्दल बोलणार आहोत, त्या रोज तीच अर्धी इमारत बघत कामाला लागत.

त्या काळी युरोपात कोणताही धंदा करायचा तर त्या धंद्याच्या संघात असावं लागे. लोहारांचा संघ, विणकरांचा संघ, कातडं कमावणाऱ्यांचा संघ. संघात नसाल तर माल विकता येत नसे. बहुतेक ठिकाणी हे संघ पुरुषांचे. बाई काम करायची, पण नवऱ्याच्या नावावर. तो वारला तर विधवा म्हणून. कोलोनमध्ये वेगळं घडलं. १३९७ साली सूत करणाऱ्या बायकांच्या संघाला शहराच्या सभेने नियमांची सनद दिली. त्या तागासारख्या जवसाच्या धाग्याचं निळं सूत करत, आणि कोलोनचं ते सूत दूरवर प्रसिद्ध होतं. सोन्याची जर कातणाऱ्या बायकांनाही त्याच सुमारास सनद मिळाली. मग १४३७ साली रेशीमवाल्यांचा संघ झाला. पॅरिससारख्या एक-दोन शहरांत असे बायकांचे संघ होते, बाकी कुठे फारसे नाहीत.

आता हे नियम काय होते ते पाहू, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

रेशमाचं काम शिकायला मुलीला चार वर्षं मालकिणीकडे राहावं लागे. तिचं नाव संघाच्या वहीत चढे. एका मालकिणीला एका वेळी चारच शिकाऊ मुली ठेवता येत. माल नीट आहे की नाही हे संघाची माणसं तपासत. दरवर्षी कारभारी निवडले जात: दोन बायका आणि दोन पुरुष.

चारच मुली का? कारण शिकाऊ मुलगी म्हणजे हाताखालचं स्वस्त माणूस. जिच्याकडे पैसा जास्त ती वीस मुली ठेवील, ढीगभर माल काढील, भाव पाडील, आणि शेजारणीचा माग बंद पडेल. संघाने सांगितलं, चढाओढ करा, पण मालाच्या चांगुलपणात करा. शेजारणीला बुडवून नको. आणि कोलोनचा माल म्हटला की तो चांगलाच असला पाहिजे, कारण एकीने भेसळ केली तर नाव सगळ्यांचं जातं.

या नियमात राहूनही बायका मोठ्या झाल्या. फीगेन लुत्झेनकिर्शेन नावाच्या रेशीमवालीने १४७४ ते १४९७ या काळात पंचवीस मुली तयार केल्या. हिशेब करून बघा. एका वेळी चार, प्रत्येकीची चार वर्षं, म्हणजे वर्षाला सरासरी एक नवी मुलगी. तेवीस वर्षांत पंचवीस. तिने जवळपास शेवटच्या जागेपर्यंत संधी वापरली. तिच्यासारख्या शंभराहून जास्त मालकिणी त्या वहीत सापडतात, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या मुली सातशेच्या वर.

इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल, काय छान व्यवस्था! आम्हालाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण थोडं खाली उतरून बघू या.

कच्चं रेशीम कोलोनला पिकत नव्हतं. ते इटलीतून येई, आणि ते आणायला मोठं भांडवल लागे. ते भांडवल रेशमाच्या व्यापाऱ्यांकडे होतं, आणि बऱ्याच रेशीमवाल्यांचे नवरे हेच व्यापारी होते. फीगेनचा नवराही रेशमाचा व्यापारी. नवरा रेशीम आणी, बायको माल करवून घेई, नवरा तो फ्रँकफुर्टच्या जत्रेत नाहीतर दूर अँटवर्पला विकी. घर चांगलं चाले. पण रेशीम विणण्याआधी ते कातावं, पिळावं लागतं. ते काम करणाऱ्या बायका वेगळ्या होत्या. त्यांच्याकडे भांडवल नव्हतं. रेशीमवाली देईल ते रेशीम घरी न्यायचं, कातून परत द्यायचं आणि मजुरी घ्यायची. आपल्याकडे विड्या वळणाऱ्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तर मालकिणी आपापसांत भाव पाडत नव्हत्या, हे खरं. पण चढाओढ कुठे गेली? ती खाली सरकली. कातणाऱ्या बायका एकमेकींपेक्षा कमी मजुरीत काम घेऊ लागल्या. मालकिणी मजुरी रोख देण्याऐवजी कापड आणि इतर माल देत. माल हातात घेऊन बाई बाजारात गेली की तो तिला पडेल भावात विकावा लागे. शेवटी कातणाऱ्यांनी वेगळी सनद मागितली आणि १४५६ साली ती मिळाली. मजुरी रोखच द्यावी, असं शहराच्या सभेने बजावलं. पण हे पुन्हा पुन्हा बजावावं लागलं. मैत्रिणींनो, एकच हुकूम पुन्हा पुन्हा निघतो तेव्हा समजावं की तो पाळला जात नाही. आणि का पाळावा? सभेत एकही बाई नव्हती. कातणारी नव्हती, मालकीणही नव्हती. पण मालकिणींचे नवरे, म्हणजे व्यापारी, सभेत जाऊन बसू शकत होते.

आणखी एक पेच होता. कोलोनमध्ये बेगीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका होत्या. लग्न न केलेल्या किंवा विधवा, एकत्र राहणाऱ्या, प्रार्थना करून हातच्या कामावर पोट भरणाऱ्या. मालकिणी त्यांच्याकडे आणि मठांतल्या जोगिणींकडे स्वस्तात कताई करून घेत. संघातल्या कातणाऱ्यांनी तक्रार केली, आणि मठांत रेशीम कातायला देऊ नये असा नियम झाला. कातणारीचं काम वाचलं, पण बेगीन बाईच्या हातचा घास गेला. आता कुणाची बाजू घ्यायची? आम्ही यावर बराच वेळ बोललो, आणि सोपं उत्तर सापडलं नाही. दोघीही गरीबच होत्या. स्वस्त मजुरी शोधत फिरणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र या भांडणाची झळ लागली नाही.

पुढे हे बायकांचे संघ हळूहळू निस्तेज झाले. फ्रेंच फौजांनी शहर घेतलं आणि १७९८ साली सगळेच संघ मोडीत काढले. आता ज्याला जो धंदा करायचा तो त्याने करावा, असं ठरलं. दार सगळ्यांना उघडं झालं, हे चांगलंच. पण चारच मुलींचा नियम गेला, माल तपासणारे गेले, रोख मजुरीचा कागदही गेला.

कोलोनच्या बायकांनी सहाशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं की चढाओढीला नियम घालता येतात, आणि ते बायका स्वतः चालवू शकतात. पण त्यांच्या वहीने हेही दाखवलं की नियम ज्या ठरवतात त्यांचाच आधी बचाव होतो. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत पापडाचा, शिलाईचा, मसाल्याचा दर ठरेल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा. हा दर ठरवताना कोण बसलं आहे? आणि लाटणाऱ्या, टाके घालणाऱ्या बाईच्या हातात पैसे कधी पडणार, रोख की उधार? ती बाई बैठकीत नसेल, तर आधी तिला बोलावून आणा. मग दर ठरवा.