यंत्रनियंत्रण प्रणालीतील सॉफ्टवेअर घटक

लेथ, मिलिंग यंत्र इ. यांत्रिक हत्यारांचे नियंत्रण करणाऱ्या संगणकात एकेक मर्यादित काम करणारे व परस्परांना जोडता येणारे जे कार्यक्रम-खंड बसवितात, त्यांस सॉफ्टवेअर घटक म्हणतात.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ मध्ये छिद्रित पट्टीवरील अंकांनुसार चालणारे मिलिंग यंत्र प्रथम दाखविले. त्याच्या नियंत्रकाचे सारे तर्क निर्वात नलिका व रिले यांच्या जोडणीत होते. बदल करावयाचा म्हणजे तारा बदलावयाच्या. १९७० नंतर तारांचे काम संगणकाकडे आले, तरी त्यातील सॉफ्टवेअर सामान्यतः निर्मात्याच्याच ताब्यात राहिले. परिणामी, बिडाचा सांगाडा धडधाकट असलेली यंत्रेही केवळ नियंत्रकाचे सुटे भाग मिळेनात म्हणून निकामी ठरू लागली.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या शासकीय संस्थेने १९९० च्या दशकात ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’ हा खुला नियंत्रक रचला व जनरल मोटर्सच्या पाँटिॲक (मिशिगन) येथील कारखान्यात तो वापरून पाहिला. शासकीय काम म्हणून तो सर्वांस खुला होता. पुढे स्वयंसेवकांनी तो वाढविला. व्यापारचिन्हाच्या वादामुळे २०११ मध्ये त्याचे नाव ‘लिनक्ससीएनसी’ झाले.

या प्रणालीतील महत्त्वाची भर म्हणजे जॉन कासुनिच यांनी आखलेला ‘हाल’ हा जोडणी-स्तर. त्याची परिभाषा विद्युत् मंडलाची आहे : घटकाला ‘पिना’ असतात व त्या ‘सिग्नला’ने जोडतात. उदा., स्पिंडलबरोबर वंगणाचा पंप सुरू व्हावा असे वाटल्यास दोन पिना एका सिग्नलला जोडल्या की पुरते. पॅनेलवर तारा ओढण्याची सवय असलेल्या कारागिराला ही रीत चटकन उमगते, हे तिचे खरे यश होय. तयार घटकांनी काम भागत नसेल तेव्हाच नवा लिहावा लागतो. त्यात पिनांची यादी व सी भाषेतील काही ओळी एवढेच लिहावे लागते. उरलेला मजकूर तयार करणे, संकलन करणे व योग्य जागी बसविणे ही कामे जेफ एप्लर यांचे साधन (आताचे ‘हालकंपाइल’) करते.

घटक बसला म्हणजे चालू झाला असे नव्हे. तो विन्यास-फाइलीतून भरावा लागतो आणि त्याचे फलन ‘थ्रेड’ला, म्हणजे ठरावीक अंतराने (बहुधा १ मिलिसेकंदाने) पुनःपुन्हा चालणाऱ्या कार्यमालिकेला, जोडावे लागते. फलने ज्या क्रमाने जोडली त्याच क्रमाने चालतात. स्थान वाचणारा घटक गणित करणाऱ्या घटकाच्या मागे पडला, तर गणित एक फेरी शिळ्या आकड्यावर होते. असा दोष संकलनात दिसत नाही, धातूवर दिसतो. आणीबाणीचा थांबा म्हणूनच केवळ सॉफ्टवेअरवर न सोपविता स्वतंत्र तारजोडणीने ठेवतात.

पूर्वी हे घटक प्रचालन प्रणालीच्या गाभ्यातच चालत. म्हणून ते नेमक्या त्याच गाभ्यासाठी संकलित करावे लागत आणि एका चुकीने संपूर्ण संगणक गोठू शके. पुढे ‘प्रीएम्प्ट-आरटी’ या सुधारणेमुळे ते गाभ्याबाहेरही वेळेवर चालू लागले. ही सुधारणा २०२४ मध्ये लिनक्सच्या मूळ गाभ्यात समाविष्ट झाली.