इंग्लंडमध्ये घर घेताय? भारतातला फ्लॅटही हिशेबात धरला जातो

नोकरीसाठी इंग्लंडला गेलेले अनेक मराठी लोक काही वर्षं भाड्याने राहून स्वतःचं घर शोधू लागतात. हप्ता किती बसेल, याचं गणित सगळेच मांडतात. पण खरा फटका बसू शकतो तो स्टॅम्प ड्युटीत आणि नंतर दुरुस्तीत.

भारतातलं घर मोजतात का?

हो. ३ लाख पाउंडांचं घर घेतलं, तर एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनुसार स्टॅम्प ड्युटी अशी लागते:

• पहिल्यांदाच घर घेणारे: शून्य
• आधी घर होतं, आता नाही: ५ हजार पाउंड
• दुसरं घर अजूनही नावावर आहे: २० हजार पाउंड

इथे ‘पहिल्यांदाच’ म्हणजे जगात कुठेही पहिल्यांदा. पुण्या-ठाण्यातला फ्लॅट, वारशाने आलेलं घरसुद्धा यात येऊ शकतं. त्यातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४० हजार पाउंड किंवा जास्त असेल, तर नव्या घराच्या पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर लागतो. फ्लॅट नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावर असला तरी हा नियम लागू होतो.

विकलेला फ्लॅट तुमचं राहतं, मुख्य घर असेल, तर ठराविक मुदतीत जादा करातून सूट किंवा परतावा मिळू शकतो. शिवाय, खरेदीआधीच्या १२ महिन्यांत तुम्ही ब्रिटनमध्ये १८३ दिवस राहिला नसाल, तर आणखी २ टक्के लागतात. म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत भारतातल्या मालमत्तेबद्दल सांगा. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कर वेगळे आहेत.

‘डील पक्की’ म्हणजे कधी?

मालकाने तुमची किंमत मान्य केली, म्हणजे घर तुमचं झालं असं नाही. दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत तो जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो. तुम्हीही मागे फिरू शकता. करार झाल्यावर मात्र माघार घेतली, तर साधारण १० टक्के अनामत रक्कम जाऊ शकते.

म्हणून त्याआधीच स्वतंत्र सर्व्हे करून घ्या. बँक करते ते मूल्यांकन तिच्या कर्जाच्या सुरक्षेसाठी असतं. ओल, छत, भिंतींच्या भेगा यांची पूर्ण तपासणी त्यात होत नाही.

प्लंबर-वायरमन कसा निवडायचा?

बॉयलर किंवा गॅसच्या कामाला ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेलाच माणूस लागतो, हा कायदा आहे. त्याचं ओळखपत्र मागा. कार्डाच्या मागच्या बाजूला त्याला कोणती कामं करता येतात ते लिहिलेलं असतं. नंबर रजिस्टरच्या वेबसाइटवर तपासता येतो.

नवं वायरिंग सर्किट टाकायचं असेल, तर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन घ्या, नाहीतर आधी स्थानिक बिल्डिंग कंट्रोलला कळवा. घराचा भार पेलणारी भिंत पाडायलाही त्यांची मंजुरी लागते.

कोटेशन तिघांकडून, लेखी घ्या. ‘एस्टिमेट’ हा फक्त अंदाज असतो, तर ‘कोट’ म्हणजे ठरलेली किंमत. सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

काम झालं की प्रमाणपत्र जपून ठेवा. उद्या घर विकताना खरेदीदाराचा वकील तेच मागेल. कागद नसला, तर व्यवहार अडू शकतो किंवा किंमत कमी करावी लागते.