रायसीना व्हाया घोडबंदर

जून-जुलै २०२२मध्ये महाराष्ट्रातल्या आमदारांना सव्वा महिन्यात तीनदा मतदान करायचं होतं. १० जूनला राज्यसभा, २० जूनला विधान परिषद, १८ जुलैला राष्ट्रपतिपद. तिन्हींचे नियम वेगळे. राज्यसभेला आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवूनच पेटीत टाकतो. विधान परिषदेचं मतदान गुप्त. राष्ट्रपतिपदाचंही गुप्त, शिवाय तिथे पक्षाला व्हिप काढता येत नाही. पहिल्या निवडणुकीत शिवसेनेचे संजय पवार पडले आणि भाजपचे धनंजय महाडिक आले, निकाल लागेपर्यंत ११ तारखेची पहाट झाली होती. दाखवून केलेल्या मतदानात ही गत, तर झाकलेल्या मतदानात काय होईल, याचा अंदाज विधान भवनातल्या चहावाल्यालाही आला असेल. तो मुख्यमंत्री उद्धव ठाकऱ्यांच्या मातोश्रीला आला नाही.

ठाकरे सरकारची उलटी गणती लावायची तर शेवटचा ठोका पडतो बुधवार, २९ जून, रात्री साडेनऊला.

सोमवार, २० जून, सकाळी ९. उरले २२८ तास.

मतदान सुरू. दहा जागा, अकरा उमेदवार. मतदार २८५, कारण अंधेरीचे रमेश लटके मे महिन्यात वारले होते आणि अनिल देशमुख, नवाब मलिक तुरुंगात होते. पुण्याहून मुक्ता टिळक आणि चिंचवडहून लक्ष्मण जगताप, दोघंही गंभीर आजारी, रुग्णवाहिकेतून मुंबईत आले आणि मदतनीसाच्या हातून मत दिलं. वर्ष पालटायच्या सुमारास दोघंही गेले. एकेका मतासाठी भाजपने किती ताण घेतला होता, ते या दोन रुग्णवाहिकांवरून कळतं. शिवसेनेचे आमदार पवईच्या हॉटेलात एकत्र ठेवलेले होते. आदल्याच दिवशी, १९ जूनला, पक्षाचा ५६वा वर्धापनदिन तिथेच त्यांच्यासमोर साजरा झाला. एकनाथ शिंदे त्यांच्यातच होते.

दुपारी ४. उरले २२१ तास.

मतदान संपलं. टिळक आणि जगताप यांच्या मतांवर काँग्रेसने हरकत घेतली, ती निवडणूक आयोगाने फेटाळली. या घोळात मतमोजणी रखडली आणि सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे विधान भवनाच्या दारात अडकून पडले. गाड्या मात्र निघाल्या होत्या.

संध्याकाळ. उरले २१८ तास.

इथे ठाण्याविषयी थोडं सांगायला हवं. शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली ती मुंबईत नव्हे, ठाण्यात. पक्ष जेमतेम वर्षाचा असताना, १९६७ साली, ठाणे नगरपालिका तिच्याकडे आली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले. पुढे टेंभीनाक्याच्या आनंद आश्रमात बसून आनंद दिघ्यांनी जिल्हा बांधला. दिघे स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत, पण शाखाप्रमुखापासून महापौरापर्यंत माणसं कोण, ते त्या आश्रमात ठरे. २६ ऑगस्ट २००१ला दिघे गेले. त्यांच्या तालमीतले शिंदे, एकेकाळचे रिक्षाचालक, १९९७ला नगरसेवक, २००४ला आमदार, नंतर मंत्री आणि ठाण्याचे पालकमंत्री झाले. मुलगा डॉ. श्रीकांत २०१४पासून कल्याणचा खासदार. म्हणजे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली-अंबरनाथपर्यंत शिवसेनेत कुणाला तिकीट, कुणाला निधी, कुणाची बदली, हे सारं एका माणसाच्या फोनवर येऊन थांबत होतं. १३ मेला दिघ्यांवरचा ‘धर्मवीर’ चित्रपट आला तेव्हा या भागात तो अनेकांनी करमणूक म्हणून नव्हे, वारसा कुणाचा याचं उत्तर म्हणून पाहिला. ‘मातोश्री’वर त्याची दखल सिनेमा म्हणूनच घेतली गेली असावी.

त्यामुळे ‘ठाण्याला या, साहेबांनी बोलावलंय’ असा निरोप आला तर त्यात आमदाराने संशय घ्यावा असं काही नव्हतं. उस्मानाबादचे आमदार कैलास पाटील यांनी पुढे पत्रकारांना सांगितलं ते असं. गाडी ठाण्याला निघाली, पण ठाण्यात थांबली नाही. घोडबंदर मागे पडलं. पुढे अहमदाबाद महामार्ग. आता गुजरातची हद्द येणार हे लक्षात आल्यावर लघवीचं निमित्त करून ते नाक्याजवळ उतरले आणि अंधारात मुंबईच्या दिशेने चालू लागले. पाऊस पडत होता. काही किलोमीटर चालल्यावर एका मोटारसायकलवाल्याने बसवून घेतलं, मग एका ट्रकवाल्याने. आमदार ट्रकच्या केबिनमध्ये आणि सरकार सुरतेच्या वाटेवर. पाटील परतले आणि ठाकऱ्यांकडेच राहिले.

रात्री. उरले २१५ तास.

निकाल. भाजपचे पाचही उमेदवार निवडून आले, हाती १०६ आमदार असताना. शिवसेनेचे सचिन अहिर आणि आमश्या पाडवी आले. काँग्रेसने पहिल्या पसंतीचे म्हणून ठेवलेले चंद्रकांत हंडोरे पडले आणि दुसरे भाई जगताप आले. आमश्या पाडवी हे नाव लक्षात ठेवा, नंदुरबारचे हे आदिवासी नेते पुढे पुन्हा भेटणार आहेत. वाहिन्यांवर चर्चा होती मतं फुटली कुणाची याची. ती नेमकी कुणाची हे आकडेमोडीने शोधत बसावं लागलं नाही, कारण पहाटेपर्यंत माणसंच सापडेनाशी झाली.

मंगळवार, २१ जून, सकाळ. उरले २०४ तास.

‘नॉट रिचेबल’ हा शब्द त्या सकाळी मराठी घराघरांत पोहोचला. नगरविकासमंत्री नॉट रिचेबल, त्यांच्याबरोबर आणखी किती हे कुणी नक्की सांगेना. मग कळलं की मुक्काम सुरतच्या डुमस रस्त्यावरच्या ल मेरिडियन हॉटेलात आहे आणि बाहेर गुजरात पोलिसांचा बंदोबस्त आहे.

महाविकास आघाडीचं हे सरकार ज्यांनी जुळवलं ते शरद पवार त्या सकाळी दिल्लीत होते, ते राष्ट्रपतिपदासाठी विरोधकांचा उमेदवार ठरवायला. आधी त्यांचं स्वतःचंच नाव पुढे आलं होतं, ते त्यांनी नाकारलं. १८ जूनला फारुख अब्दुल्ला बाजूला झाले, २० जूनला गोपाळकृष्ण गांधी. दिल्लीतल्या पत्रकारांनी पवारांना विचारलं ते राष्ट्रपतिपदाचं नव्हे, सुरतचं. हा शिवसेनेचा अंतर्गत प्रश्न आहे, असं त्यांनी सांगितलं.

दुपारी ३. उरले १९८ तास.

संसदेच्या आवारात विरोधकांची बैठक झाली आणि यशवंत सिन्हांचं नाव जाहीर झालं. मुंबईत शिंदेंना गटनेतेपदावरून काढून शिवडीचे अजय चौधरी नेमले गेले. मातोश्रीचे दूत म्हणून मिलिंद नार्वेकर आणि ठाण्याचेच रवींद्र फाटक सुरतला गेले. बोलणी फिसकटली. दोन दिवसांनी, शिंदेंचा गट गुवाहाटीला गेल्यावर, फाटकच त्यात दिसले. समजूत काढायला धाडलेला माणूस स्वतःचीच समजूत काढून घेऊन तिकडे गेला, यापेक्षा मोठी खूण कुठली हवी होती?

     सुरत आणि सिन्हा यांचा संबंध असा: भारताचा राष्ट्रपती आमदारही निवडतात. १९७१च्या लोकसंख्येवरून महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ भरतं. २८८ आमदारांचे ५०,४०० झाले, उत्तर प्रदेशानंतर सर्वांत मोठा गठ्ठा. खासदाराचं एक मत त्या वर्षी ७००चं होतं. देशभरचे मिळून १०,८६,४३१. भाजप आघाडी निम्म्यापासून थोडी कमी होती. सुरतच्या हॉटेलातला प्रत्येक आमदार त्या हिशेबातले १७५ घेऊन गेला होता.

रात्री नऊनंतर. उरले १९२ तास.

दिल्लीत भाजपच्या जे. पी. नड्डांनी आपल्या आघाडीचं नाव जाहीर केलं: द्रौपदी मुर्मू. ओडिशाच्या, संथाळ, झारखंडच्या माजी राज्यपाल. ओडिशाचा बिजू जनता दल लगेच बरोबर आला, कारण आपल्याच राज्याच्या कन्येला नाही म्हणायची नवीन पटनायक यांची सोय नव्हती. पुढे झारखंडात काँग्रेसबरोबर सरकार चालवणारा झारखंड मुक्ती मोर्चाही मुर्मूंच्याच बाजूने गेला. कुठल्या राज्यात कोण अडचणीत येईल, हे पाहूनच हे नाव काढलेलं होतं. आघाडीबाहेरच्या उमेदवाराला मत देणं शिवसेनेला नवं नव्हतं. २००७ला भाजपची मित्र असून तिने जळगावच्या प्रतिभा पाटलांना मतं दिली होती, २०१२ला प्रणव मुखर्जींना. तेव्हा तो बाळासाहेबांचा हट्ट होता आणि पक्ष मागे उभा होता. आता उलट होणार होतं.

बुधवार, २२ जून, पहाटे. उरले १८७ तास.

सुरत विमानतळ. शिंदेंनी पत्रकारांना सांगितलं की आपण शिवसेना सोडलेली नाही, बाळासाहेबांचं हिंदुत्व पुढे नेतोय. सकाळी साडेसहाच्या सुमारास विमान गुवाहाटीला उतरलं.

संध्याकाळी साडेपाच. उरले १७२ तास.

दिवसभर कागदांची लढाई झाली. प्रतोद सुनील प्रभूंनी आमदारांना पाच वाजता बैठकीला बोलावलं. शिंदेंनी ते पत्र बेकायदा ठरवून महाडचे भरत गोगावले यांना प्रतोद नेमलं आणि ३४ आमदारांच्या सह्यांचा ठराव पाठवला. राज्यपाल कोश्यारी कोरोनाने रुग्णालयात. मग ठाकरे फेसबुकवर आले: समोर येऊन सांगा, मी राजीनामा देतो. समोर यायला कुणी मुंबईत असायला हवं होतं. पक्षांतरबंदी कायद्यातून सुटायला ५५ पैकी ३७ लागत होते, आणि गुवाहाटीतला आकडा रोज वाढत होता. ठाणे जिल्ह्यातले शिवसेनेचे पाचही आमदार तिकडे गेले: शिंदे, प्रताप सरनाईक, कल्याण पश्चिमचे विश्वनाथ भोईर, अंबरनाथचे बालाजी किणीकर, भिवंडी ग्रामीणचे शांताराम मोरे. जिल्ह्यातून एकही मागे राहिला नाही.

रात्री पावणेदहाच्या सुमारास. उरले १६८ तास.

ठाकरे मुख्यमंत्र्यांचं निवासस्थान ‘वर्षा’ सोडून घरी ‘मातोश्री’वर. रस्त्यावर शिवसैनिकांनी फुलं उधळली. ते सगळं टीव्हीवर छान दिसलं, पण त्याने एक आमदार परत आला नाही.

शनिवार, २५ जून. उरले चार दिवस.

विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांनी सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या, मुदत दोन दिवसांची. उल्हासनगरात श्रीकांत शिंदेंच्या कार्यालयावर दगड पडले. २७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत दिली आणि मातोश्रीच्या हातातलं शेवटचं हत्यार गेलं.

मंगळवार, २८ जून, रात्री. उरले २३ तास.

भाजपचे देवेंद्र फडणवीस राज्यपालांना भेटले. ३० जूनला सकाळी ११ वाजता बहुमत सिद्ध करा, असं राज्यपालांचं पत्र निघालं.

बुधवार, २९ जून, संध्याकाळी ५. उरले साडेचार तास.

सर्वोच्च न्यायालयात सुनावणी. इकडे मंत्रिमंडळाची बैठक: औरंगाबादचं संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव. अडीच वर्षांत न झालेले निर्णय एका बैठकीत झाले. नऊच्या सुमारास न्यायालयाने बहुमत चाचणी थांबवायला नकार दिला.

रात्री साडेनऊ. शून्य.

राजीनामा. मे २०२३मध्ये घटनापीठ म्हणालं की राज्यपालांचा चाचणीचा आदेश योग्य नव्हता आणि गोगावलेंची नेमणूकही बेकायदा होती, पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले, म्हणून त्यांचं सरकार परत आणता येत नाही. साडेतेरा तास कळ काढली असती तर कदाचित इतिहास वेगळा असता. ३० जूनला संध्याकाळी शिंदे मुख्यमंत्री झाले आणि ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९ मतांनी बहुमत जिंकलं.

आमदारांचा निकाल लागला, पण राष्ट्रपतिपदाची निवडणूक अजून व्हायची होती आणि त्यात खासदार होते. आमदार शिंदेंकडे, गल्लीतले नगरसेवक शिंदेंकडे: ७ जुलैला ठाण्यातले ६७ पैकी ६६ माजी नगरसेवक गेले, राहिल्या त्या खासदार राजन विचारे यांच्या पत्नी. अशा वेळी २०२४ला आपला प्रचार कोण करणार, हा प्रश्न प्रत्येक खासदाराच्या पोटात होता. राहुल शेवाळेंनी ५ जुलैला पत्र लिहून मुर्मूंना पाठिंबा मागितला. ११ जुलैला मातोश्रीवर खासदारांची बैठक झाली, बहुतेकांनी तेच सांगितलं. कल्याणचे श्रीकांत शिंदे तिकडे फिरकले नाहीत. व्हिप नाही, मतदान गुप्त. ठाकऱ्यांनी सिन्हांचं नाव घेतलं असतं तरी मतं मुर्मूंनाच पडली असती, आणि पक्ष हातात नाही हे आकड्यानिशी दिसलं असतं. १२ जुलैला त्यांनी मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला आणि पक्षातल्या आदिवासी नेत्यांनी आग्रह धरल्याचं सांगितलं. त्यांतलं एक नाव आमश्या पाडवींचं. महाविकास आघाडीतली काँग्रेस चिडली, पण तिची स्वतःचीही मतं फुटतच होती.

१८ जुलैला मतदान झालं. महाराष्ट्रातून मुर्मूंना १८१ आमदारांची मतं पडली, सिन्हांना ९८.

मुर्मूंना मत देऊन खासदार आपल्याकडे राहतील, हा मातोश्रीचा हिशेब असेल तर तो एक दिवस टिकला. १९ जुलैला शिवसेनेचे बारा खासदार शेवाळेंना नेता करून दिल्लीत शिंदेंबरोबर उभे राहिले. त्यांत कल्याणचे श्रीकांत शिंदे होते, ठाण्याचे विचारे नव्हते. आमश्या पाडवी मार्च २०२४मध्ये शिंदेंकडे गेले.