नक्कल आणि नाममुद्रा

सोळाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपातील चित्रबाजारात एक नाममुद्रा सर्वांच्या ओळखीची झाली होती. कमानीसारखा रुंद 'ए' आणि त्याच्या पायांमध्ये बसवलेला लहानसा 'डी': न्यूरेम्बर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याची ही सही. लाकडी ठशांवरून छापलेली त्याची चित्रे त्याची पत्नी आणि आई जत्राजत्रांतून विकत असत. छापील चित्र पुस्तकासारखेच दूर जाते, आणि जिथे जाते तिथे त्याची नक्कल करणाराही भेटतो. १५०६ च्या सुमारास मार्कान्तोनिओ राइमोन्दी या इटालियन कोरक्याने ड्यूररच्या मेरीचरित्राच्या मालेतील १७ चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर हुबेहूब कोरली. इतकी हुबेहूब, की 'ए-डी' ही मुद्राही त्याने सोडली नाही.

पुढची हकीकत वासारीने १५६८ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रग्रंथात सांगितली आहे. ड्यूररने व्हेनिसच्या सत्ताधीशांकडे दाद मागितली आणि निकाल मिळाला तो एवढाच, की मार्कान्तोनिओने ड्यूररची मुद्रा यापुढे वापरू नये. नकला करू नयेत, असे कोणी म्हटले नाही. वासारीच्या कथनात कालक्रमाचे घोटाळे आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. परंतु न्यूरेम्बर्गच्या नगरसभेचा जानेवारी १५१२ मधला ठराव उपलब्ध आहे आणि त्याचा आशय हाच आहे. नगरभवनासमोर ड्यूररच्या मुद्रेची नकली चित्रे विकणाऱ्या एका परक्या विक्रेत्याला सभेने बजावले, की मुद्रा काढून टाक, नाहीतर माल जप्त होईल. दरम्यान १५११ साली ड्यूररने मेरीमालेची ग्रंथरूप आवृत्ती काढली. तिच्या अखेरीस त्याने दुसऱ्याचे श्रम आणि प्रतिभा चोरणाऱ्यांना खडसावले आणि सम्राट मॅक्सिमिलियनने दिलेल्या संरक्षणाचा हवाला दिला.

महाजालावरील चित्रांच्या उचलेगिरीची आज जी चर्चा होते, तिचा हा पूर्वेतिहास मानता येईल. मात्र तो वाचताना एक भेद लक्षात ठेवावयास हवा. न्यूरेम्बर्गच्या सभेला चिंता होती ती गिऱ्हाइकाची. ड्यूररचे चित्र समजून त्याने दुसऱ्याचे विकत घेऊ नये, एवढाच तिचा हेतू. म्हणून उपाय ठरला तो मुद्रा पुसण्याचा. पण मुद्रा पुसल्यावर उरते काय? रचना ड्यूररची, कल्पना ड्यूररची, आणि तसे सांगणारे अक्षरही नाही. मार्कान्तोनिओने पुढे ड्यूररच्या छोट्या आकारातील ख्रिस्तयातनामालेच्याही नकला केल्या. त्यांत ड्यूररची मुद्रा नाही. ती जिथे असायची ती पाटी कोरी आहे. त्या काळच्या न्यायाने ही कोरी पाटी निर्दोष होती. आजच्या संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यातील सही कातरून फिरणारे चित्र हे त्या कोऱ्या पाटीचेच वंशज आहे. आपल्या कामावर दुसऱ्याचे नाव घालणे हा एक अपराध, आणि दुसऱ्याच्या कामावरचे नाव नाहीसे करणे हा दुसरा. पहिल्याचा बंदोबस्त करताना दुसऱ्याला वाट मोकळी करून दिली गेली.

नक्कल हीच वाईट, असा मात्र याचा अर्थ नव्हे. स्वतः ड्यूररने १४९४ साली मान्तेन्याच्या कोरीव चित्रांच्या नकला केल्या होत्या. शिकण्याची तीच रीत होती. आणि मार्कान्तोनिओचीच पुढील कारकीर्द या प्रश्नाचे अधिक चांगले उत्तर देते. रोममध्ये तो राफाएलच्या रेखाटनांवरून कोरीवकाम करू लागला. 'निरपराधांची कत्तल' या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात एका चौथऱ्यावर रचनाकार म्हणून उर्बिनोच्या राफाएलचे नाव कोरलेले आहे आणि खाली मार्कान्तोनिओची स्वतःची मुद्रा. रचना कोणाची आणि हात कोणाचा, दोन्ही वाचता येतात. मूळ चित्रकार आणि कोरक्या यांची नावे चित्राखाली निरनिराळी देण्याची प्रथा पुढे युरोपीय मुद्राचित्रणात रूढ झाली. तोच माणूस, तेच कसब. फरक पडला तो नोंदीने.

आपल्याकडे या विषयावर बोलताना एक युक्तिवाद हटकून ऐकू येतो. आपल्या परंपरेत कर्तृत्वाचा अहंकार नव्हता, सारे काही सर्वांचे होते, तेव्हा श्रेयनिर्देशाचा हा आग्रह पाश्चात्त्य आहे, असे म्हटले जाते. अभंगांच्या गाथांत एकाच नाममुद्रेखाली अनेकांच्या रचना मिसळल्या, नामदेवांच्या अभंगांत विष्णुदास नामाचे अभंग शिरले, हे खरेच आहे. पण पोथ्यांच्या अखेरच्या ओव्या हा युक्तिवाद टिकू देत नाहीत. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित पाठाच्या शेवटी शके १२१२ हे वर्ष, टीकाकर्ता म्हणून ज्ञानेश्वर आणि लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबा, अशी तिन्हींची नोंद आहे. ज्याने ऐकून लिहून घेतले, त्याचेही नाव आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ अतिशुद्धच होता, पाठांतरांमुळे तो बिघडला आणि आपण तो शुद्ध केला, एवढेच ते सांगतात. शिवाय ज्ञानेश्वरीत कोणी आपली ओवी घालू नये, असेही बजावतात. मूळ ग्रंथाला अमृताची आणि अशा ओवीला करवंटीची उपमा ते देतात.

ड्यूररने आपल्या ग्रंथाच्या अखेरीस इशारा दिला तो स्वतःच्या नावासाठी. एकनाथांचा इशारा दुसऱ्याच्या शब्दांसाठी आहे. त्यांच्यासारख्या समर्थ कवीला ज्ञानेश्वरीत दहावीस ओव्या मिसळणे अवघड नव्हते, आणि त्या कदाचित कोणाला ओळखूही आल्या नसत्या. तो मोह टाळून त्यांनी ग्रंथ कोणाचा, हात कोणाचा, केव्हा लागला आणि त्या हाताने काय केले, हे सारे नोंदवून ठेवले. अहंकार नसणे म्हणजे नोंद नसणे नव्हे, हे यावरून दिसते.

भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातही (१९५७) या जाणिवेला स्थान आहे. कलम ५७ नुसार, आर्थिक हक्क विकून टाकल्यावरही कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. महाजालाचा अनुभव याला पूरक आहे. २००२ साली 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चे परवाने आले, तेव्हा कर्त्याचा नामनिर्देश ही ऐच्छिक अट होती. परंतु परवाना वापरणाऱ्या जवळजवळ सर्वांनीच ती निवडली, म्हणून २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून सहाही मुख्य परवान्यांत ती अंतर्भूत झाली. खुशाल नक्कल करा, काही परवान्यांत तर खुशाल बदल करा, विका. फक्त नाव ठेवा, असे हे लोक म्हणत होते. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीने, बदल केले असल्यास तसे सांगण्याची अट सरसकट घातली. एकनाथांनी हे कोणी न सांगता केले होते.

आज चित्रे घडवणाऱ्या संगणकप्रणालींनी दोन्ही जुने अपराध एकत्र आणले आहेत. २०२२ साली ग्रेग रुत्कोव्स्की या पोलिश चित्रकाराचे नाव आज्ञेत घालून असंख्य लोकांनी त्याच्या धाटणीची चित्रे तयार करवली. आपल्या नावाचा शोध घेतल्यास आपली नसलेलीच चित्रे समोर येतील, ही चिंता त्याने बोलून दाखवली. 'ए-डी'ची खोटी मुद्रा ती हीच. दुसरीकडे, अशा चित्रांच्या कोपऱ्यात पुष्कळदा सहीसारखे अवाचनीय फराटे उमटलेले दिसत. ज्या चित्रांवरून यंत्र शिकले, त्यांवर सह्या होत्या, एवढेच ते फराटे सांगत. सह्या कोणाच्या, ते मात्र सांगत नसत.

यंत्राला नोंद ठेवायला लावणे आपल्या हाती कितपत आहे, हा वेगळा प्रश्न आहे. पण चित्र पुढे पाठवणारा, मुखपृष्ठासाठी उचलणारा, वर्गात दाखवणारा हा आजचा लेखनिकच आहे. चित्र कोणाचे, कुठून घेतले, त्यात आपण काय बदलले, या तीन गोष्टी लिहायला एक ओळ पुरते. सच्चिदानंदबाबांच्या वाट्याला ग्रंथाच्या अखेरीस तेवढीच जागा आली आहे.